आजचं चिंतन : गीता ६.२५ – गोळी, संकल्प आणि ‘हळूहळू’



रोज आपण सकाळी एक श्लोक घेतो, त्यावर चार ओळी वाचतो आणि कामाला लागतो. आज चार ओळींत भागणार नाही. चहा घेऊन बसा.

आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला पंचविसावा. हा ध्यानाचा अध्याय. भगवंत सांगतात की धीर धरलेल्या बुद्धीनं, हळूहळू करत मनाला शांत करत न्यावं, आत्म्याच्या ठिकाणी बसवावं आणि मग दुसरं काही चिंतू नये. मूळ संस्कृतात ‘हळू’ या अर्थाचा शब्द लागोपाठ दोनदा आला आहे. दोनदा का आला असेल, हे कळायला मला आयुष्याची तेहतीस वर्षं आणि एक मोठी चूक लागली.

हा श्लोक आजच घ्यायचं कारण म्हणजे परवा रात्री आलेला एक फोन.

माझी मावसबहीण पुण्यात नोकरी करते. वय सत्तावीस. गेली तीन वर्षं तिला झोपेसाठी आणि जीव घाबरतो म्हणून क्लोनाझेपामची गोळी चालू आहे. रात्री साडेदहाला फोन आला, आवाजात एकदम उत्साह. “दादा, ठरलं! गीता जयंतीपासून गोळी बंद. देवापुढं हातावर पाणी घेऊन संकल्प सोडलाय.”

मी विचारलं, “डॉक्टरांशी बोललीस का?”

“त्यांना काय विचारायचं? त्यांनीच तर सुरू केली.” मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाली, “दादा, रोज नाम घेते मी. नाम घेणाऱ्याला गोळी लागते, म्हणजे कुठंतरी श्रद्धाच कमी पडतेय ना?”

खरं सांगू? मला क्षणभर बोलताच आलं नाही. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतःला ऐकवलं होतं. त्याचं पुढं काय झालं हे मी आजवर इथं कधी लिहिलं नाही. लाज वाटायची. आज लिहितोय.

झटक्यात सोडलं, त्याची गोष्ट

२०१७ साल. पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. एका रिलीजच्या रात्री ऑफिसात स्क्रीनसमोर बसलेलो असताना छाती धडधडायला लागली, हात गार पडले, श्वास पुरेना. वाटलं, हार्ट अटॅक. मित्रानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. “टेन्शन घेऊ नका,” म्हणाले आणि दोन आठवड्यांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली. पहिली गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात असं वाटलं की डोक्यात सतत चालू असलेला मिक्सर कुणीतरी बंद केला.

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. मधे दुसऱ्या एका डॉक्टरांनी डोस वाढवला. नंतर तर डॉक्टरांकडं जाणंच थांबलं. जुनी चिठ्ठी, ओळखीचं मेडिकल, “दादा, नेहमीची द्या.” ही गोळी किती दिवस घ्यायची असते हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. दोन्ही खरं आहे.

अशी सात वर्षं. दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. बायकोला गोळी माहीत होती, आकडा माहीत नव्हता. आईला काहीच माहीत नव्हतं. पँटच्या खिशात कायम एक स्ट्रिप. मीटिंगमध्ये, रेल्वेत, अगदी कीर्तनाला बसलो तरी हात आपोआप खिशात जायचा आणि ती चाचपून यायचा. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला जेवढा हात लागला नसेल, तेवढा त्या स्ट्रिपला लागला.

२०२४ ची आषाढी एकादशी १७ जुलैला होती. सुट्टी काढून गंगाखेडला घरी आलो होतो. आदल्या दिवशी एका नातेवाइकांकडं चहाला गेलो, तिथं कुणाचा तरी विषय निघाला. एक जण सहज म्हणाले, “देवावर भरवसा असलेल्या माणसाला कशाला लागतात असल्या गोळ्या?” ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. त्यांना माझं काही माहीतही नव्हतं. पण बाण बरोबर लागला. एकादशीला पहाटे गोदावरीत आंघोळ केली, जनाबाईच्या मंदिरात जाऊन संकल्प केला, घरी आलो आणि सगळ्या स्ट्रिपा घंटागाडीत टाकल्या. वर निर्जळी उपवास.

पहिला दिवस झकास गेला. अगदी हलकं वाटत होतं. मनात म्हटलं, बघा, सात वर्षं उगाच घाबरलो.

दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी कानात खिळा ठोकल्यासारखी लागली. ट्यूबलाइटकडं बघवेना. बोटं इतकी थरथरत होती की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. आणि भीती! २०१७ ची ती रात्र परवडली अशी भीती. मी नाम घेत होतो. नाम घेतोय आणि भीती वाढतेय, नाम घेतोय आणि भीती वाढतेय. यातून मी काय अर्थ काढला माहितीये? की आता देवानंही सोडलं.

चौथ्या रात्री दोन वाजता मी अंगणात फेऱ्या मारत होतो. आई उठून बाहेर आली. “काय व्हायलंय रे बाबा तुला? कामून झोपंना गेलास?” मग सगळं सांगितलं. सात वर्षांचं. तिनं एक शब्द रागाचा काढला नाही. सकाळी भावानं गाडीवर बसवून परभणीला मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नशीब समजा. असं एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. जिवावर बेतू शकतं. गोळी सोडायची आहे ना? सोडू आपण. पण आज परत सुरू करायची.”

मला तिथंच रडू आलं. सुटका झाली म्हणून नाही. हरलो म्हणून.

शरीरात काय होतं

ज्यांना नुसता श्लोक वाचायची सवय आहे त्यांनी हा भाग गाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या बेन्झोडायझेपिन कुळातल्या गोळ्या. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, ते ब्रेकचं काम करतं. ही गोळी त्या ब्रेकचा जोर वाढवते, म्हणून घाबरणं थांबतं, झोप येते. पण मेंदू स्वस्थ बसत नाही. रोज बाहेरून ब्रेक लागतोय म्हटल्यावर तो आपला स्वतःचा ब्रेक सैल करतो, ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो आणि तोल सांभाळतो. मग एक दिवस तुम्ही बाहेरचा ब्रेक काढून घेता. आतला ब्रेक सैल, ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि गाडी घाटात. थरथर, निद्रानाश, मुंग्या, भीती, फिट हे सगळं त्यातून येतं. ते नास्तिकालाही होतं आणि माळकऱ्यालाही होतं. श्रद्धा कमी असल्याची ती खूण नाही. इतकी वर्षं इमानदारीनं गोळी घेतल्याची ती खूण आहे.

आपल्यातल्या आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. सात वर्षं चालू असलेल्या सिस्टिममधून एक जुनी डिपेन्डन्सी काढायची असेल तर आपण शुक्रवारी संध्याकाळी ती डिलीट करून घरी जातो का? आधी काय काय तिच्यावर उभं आहे ते बघतो, थोडं थोडं हलवतो, रोलबॅक तयार ठेवतो. कंपनीच्या सर्व्हरला मी एवढी दया दाखवली असती. स्वतःच्या मेंदूला दाखवली नाही.

आणि हे फक्त मला कळलं नव्हतं असंही नाही. या कुळातली पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली, १९६३ मध्ये डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम, आलं. त्याआधीच्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा ही कितीतरी सुरक्षित म्हणून जगभर वापरली गेली. चांगल्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूनं दिली. सुटताना काय होतं हे नीट समजायला बरीच वर्षं गेली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्यासाठी खास क्लिनिक चालवलं. त्यांचं सूत्र साधं होतं. हळू कमी करा आणि वेग रुग्णाला ठरवू द्या. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध समितीनं सांगितलं की चिंतेसाठी ही गोळी दोन ते चार आठवड्यांपलीकडं देऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं शारीरिक अवलंबित्वाचा आणि सोडतानाच्या त्रासाचा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला तो थेट २०२० मध्ये. आपल्याकडं अल्प्राझोलाम, डायझेपाम शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. २०१४ पासून दुकानदारानं त्यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. तरी ‘नेहमीची द्या’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना ती मिळत राहते.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या काही वैद्यकीय संघटनांनी मिळून गोळी कमी करण्याची मार्गदर्शक सूचना काढली. सुरुवात साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून करावी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नये. हे वाचलं तेव्हा मला थेट आपला पंचविसावा श्लोक आठवला. श्लोक गोळीबद्दल नाही, मला माहीत आहे. पण जिथं कुठं काही घट्ट बसलेलं सैल करायचं असतं, तिथं ‘हळू’ दोनदा म्हणावं लागतं.

मी कशाचं प्रायश्चित्त घेत होतो?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. गोळीवर शरीर अवलंबून राहणं हा दोष आहे का? नैतिक दोष?

मी तसंच धरलं होतं. त्यासाठी मी शास्त्रही वापरलं. अठराव्या अध्यायात भगवंत सुखाचे प्रकार सांगतात. जे आधी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं ते सात्त्विक, आणि जे आधी अमृतासारखं आणि शेवटी विषासारखं ते राजस. मी म्हटलं, झालं, ही गोळी म्हणजे राजस सुख. मी भोगी. आता विष पिऊन दाखवतो. थरथरत असतानासुद्धा मी मनात म्हणत होतो की जितका त्रास जास्त तितकं पाप फिटतंय.

बघा, किती सफाईनं मी श्लोकाचा चाबूक केला. भगवंत तिथं विषय आणि इंद्रियांच्या भेटीतून येणाऱ्या सुखाबद्दल बोलतात. मी गोळी सुखासाठी घेतली नव्हती. बुडणारा माणूस फळी धरतो तशी घेतली होती, आणि ती एका डॉक्टरांनी हातात दिली होती. यात पाप कुठं आहे? आणि पाप नसेल तर प्रायश्चित्त कशाचं?

परभणीच्या डॉक्टरांनी मला एक फरक सांगितला, तो मला फार मोलाचा वाटतो. व्यसनात माणूस त्या वस्तूच्या मागं धावतो. ती जास्त हवी असते, तिच्यापायी बाकीचं मोडलं तरी चालतं. अवलंबित्वात शरीर त्या औषधाशी जुळवून घेतं, एवढंच. दोन्ही एकत्र असू शकतात, पण दोन्ही एक नव्हेत.

यावर मी बरेच दिवस विचार केला आणि मला माझ्यात तीन वेगवेगळ्या गाठी दिसल्या. मी त्यांना एकच समजत होतो.

पहिली गाठ शरीराची. तिला लाज नाही, श्रद्धा नाही, संकल्प कळत नाही. ती फक्त वेळ मागते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तिच्याच वेगानं सुटते.

दुसरी गाठ त्या खिशातल्या स्ट्रिपची. गोळी न घेताही नुसती चाचपून मला धीर यायचा. ही मात्र मनाची गाठ. इथं साधना लागते. इथं नाम खरंच कामाला येतं. हात खिशाकडं गेला की एकदा नाम, आणि हात परत. दिवसातून चाळीस वेळा जाईना का.

तिसरी गाठ अपराधीपणाची. आणि गंमत अशी की मी पहिल्या दोन सोडायला निघालो होतो ते या तिसरीच्या जोरावर.

मग माझी काहीच चूक नव्हती का? होती. जुनी चिठ्ठी मीच चालवली. बायकोपासून आकडा मीच लपवला. डॉक्टरांना मीच टाळलं. याची जबाबदारी मी घेतो. पण जबाबदारी आणि अपराधीपणा यात फरक आहे. जबाबदारी विचारते, उद्या काय करणार? अपराधीपणा विचारतो, कालची शिक्षा कधी भोगणार? पहिलीनं मी डॉक्टरांकडं गेलो, बायकोला खरं सांगितलं. दुसऱ्यानं मला चार रात्री अंगणात फिरवलं.

अर्जुन लगेच उठला नाही

पहिला अध्याय पुन्हा वाचा. अर्जुनाला काय होतं? गात्रं ढिली पडतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापतं, हातातून गांडीव निसटतं, कातडी जळते, उभं राहवत नाही, मन गरगरतं. गीतेची सुरुवात अशा माणसापासून आहे. शरीर थरथरतंय म्हणून भगवंतानं त्याला रथातून उतरवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पण दुसऱ्या अध्यायात भगवंत त्याला मनाचा दुबळेपणा टाकून ऊठ म्हणतात ना? हो, म्हणतात. तिसऱ्या श्लोकात. पण अर्जुन उठतो का? नाही. तो आणखी बोलतो आणि नवव्या श्लोकात ‘मी लढणार नाही’ असं सांगून गप्प बसतो. ‘ऊठ’ म्हटल्यानं माणूस उठत नाही, हे त्या रणांगणावरच दिसतं. मग भगवंत काय करतात? समजावत बसतात. अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की माझा मोह गेला, आता सांगशील तसं करतो. सातशे श्लोकांची गीता, आणि तो उभा राहतो ती शेवटाला आल्यावर.

सहाव्या अध्यायातही तेच. अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. आधी मान्य करतात की यात संशयच नाही, मन आवरायला कठीण आहे. मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा. एकदाच झटक्यात करून टाकतात त्याला कुणी अभ्यास म्हणत नाही.

मला आता असं वाटतं की झटक्यात सोडण्याच्या हट्टात भक्ती कमी आणि ‘मी’ जास्त होता. लोकांना, देवाला, स्वतःला दाखवायचं होतं. हळूहळू सोडण्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं. कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून ते कठीण.

जनाबाईचं जातं

गोळी परत सुरू झाल्यावर मी महिनाभर गंगाखेडलाच थांबलो. सतत कुरकुर करायचो की याला वर्ष-दीड वर्ष लागणार म्हणे, असं कुठं असतं का. एकदा आई कोपऱ्यातल्या जात्यावर डाळ भरडत होती. खुंटा न थांबवता म्हणाली, “जात्यात एकदम पायलीभर ओतलं तर पीठ व्हतं का रे? खुंटाच फिरत नाही. घासा-घासानंच दळावं लागतंय.”

ती तिच्या कामाचं बोलत होती. पण गंगाखेडच्या माणसाला जातं म्हटलं की जनाबाई आठवणारच. जनाबाई आमच्या गावची. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून आयुष्यभर राबली. तिच्याबरोबर पांडुरंग दळू लागायचा ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. पांडुरंगाला काय अवघड होतं? मनात आणलं असतं तर पीठ आयतं तयार करून ठेवलं असतं. तसं तो करत नाही. तो जात्याला बसतो, खुंट्याला हात लावतो. दळण तेवढंच राहतं. घास तेवढेच घालावे लागतात. फक्त जनी एकटी नसते.

मी देवाकडं आयतं पीठ मागत होतो. ते मिळालं नाही म्हणून म्हटलं, देव नाही. तो खुंट्याला हात लावून बसलेला असताना.

मग मी शोधायला लागलो की माझ्या खुंट्यावर कुणाकुणाचे हात आहेत. रात्री दोन वाजता उठून अंगणात आलेली आई. गाडीवर परभणीला नेणारा भाऊ. आकडा कळल्यावर न भांडता वहीत तारखा लिहायला लागलेली बायको. आणि डॉक्टर. हो, डॉक्टरही.

हाती लागलेल्या काही गोष्टी

माझ्या डोसचे आकडे मी मुद्दाम देत नाही. कुणीतरी कॉपी-पेस्ट करेल, आणि माझं शरीर तुमचं नाही. पण एवढं सांगतो.

स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, अर्धीही करू नका. आधी डॉक्टर, शक्यतो मनोविकारतज्ज्ञ. किती वर्षं, किती, बरोबर दुसरं काय घेता, दारू घेता का, सगळं खरं सांगा. लपवलं की त्यांचं गणित चुकतं. मला आधी जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर आणलं, मग थोडं थोडं कमी केलं. दुसऱ्या कुणाला वेगळी पद्धत लागेल.

त्रास सरळ रेषेत कमी होत नाही. तीन आठवडे छान जातात आणि मग एक वाईट आठवडा येतो. तो आला म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. दोनदा डॉक्टरांनी मला पुढचं कमी करणं थांबवायला लावलं, आहे तिथंच थांबवलं. वारीतही मुक्काम असतात. मुक्काम केला म्हणून कुणी वारकरी माघारी फिरला असं म्हणत नाही.

या काळात मी निर्जळी एकादशी सोडली. आईनंच सांगितलं. सहाव्या अध्यायातच आहे की अति खाणाऱ्याला योग नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, अति झोपणाऱ्याला नाही तसा जागत बसणाऱ्यालाही नाही. दुपारनंतरचा चहा-कॉफीही बंद केला.

आणि कुणाला डॉक्टर म्हणाले की तुमच्या आजारात गोळी चालू ठेवणंच बरं, तर तीही हार नाही. ज्याला जे दळण आलं ते त्यानं दळायचं.

रात्री-अपरात्री फारच जड झालं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फिट आली, भास व्हायला लागले किंवा जीव द्यावासा वाटला तर वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठा.

संकल्पाचं काय?

परत बहिणीकडं. हे सगळं तिला फोनवर सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पण दादा, पाणी सोडलंय मी. संकल्प मोडला तर पाप नाही लागणार?”

मी तिला कर्णपर्वातला प्रसंग सांगितला. अर्जुनाची प्रतिज्ञा होती की ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं जो म्हणेल त्याला मी मारीन. युद्धाच्या धामधुमीत रागाच्या भरात युधिष्ठिरच तसं बोलून गेला. आणि अर्जुनानं खरंच मोठ्या भावावर तलवार उपसली. प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा! तेव्हा श्रीकृष्णानं त्याला शाबासकी दिली नाही. तुला धर्म कळलेला नाही म्हणून सुनावलं, आणि जीव न घेता प्रतिज्ञेतून बाहेर पडायचा मार्ग काढून दिला. जीव घेणारी प्रतिज्ञा पाळणं हा धर्म नव्हे, हे स्वतः भगवंतांनी सांगितलेलं आहे. मग तुझ्याच जिवावर उठणारा संकल्प तो तुझ्याकडून कशाला पाळून घेईल? तुझ्या संकल्पात ‘मोकळं व्हायचंय’ एवढं खरं आहे. ते ठेव. तारीख तेवढी आपण ठरवलेली होती, ती सोडून दे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे गीता जयंतीला काय करू?”

“त्या दिवशी गोळी वेळेवर घे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे. आणि मावशीला सांग. चोरून काही करायचं नाही, हा संकल्प कर.”

“आईला सांगणं सगळ्यात अवघड आहे, दादा.”

“मला माहितीये. मी येतो बरोबर.”

परवा शनिवारी जायचं ठरलंय. माझं स्वतःचं म्हणाल तर दळण अजून संपलेलं नाही. सोळा महिने झालेत, सुरुवातीच्या डोसचा साधारण आठवा हिस्सा उरलाय. मागच्या आठवड्यात पुन्हा तीन रात्री वाईट गेल्या. पण खिशात स्ट्रिप नाही. ती घरी कपाटात असते, आणि कधी घ्यायची ते वहीत लिहिलेलं असतं.

आजचा अभ्यास एवढाच. जे सोडायचंय त्याचं नाव लिहा. त्याच्याखाली लिहा की ते मी शिक्षा म्हणून सोडतोय की मोकळं व्हायला. आणि मग तो पंचविसावा श्लोक एकदा वाचा. सावकाश.

राम कृष्ण हरी.